आबांच्या खाटेवरच्या कुरडया

सीमेवर लढाई पेटली त्या उन्हाळ्यात शत्रूचा पहिला डोळा आमच्या नरडाण्यावर होता, याबद्दल गल्लीत कुणालाच शंका नव्हती. कारखाने इथे, रेल्वे इथे आणि मीही इथेच. गल्लीच्या रक्षणाचं काम माझ्याकडे आलं, कारण भोंगा माझ्याकडे होता. म्हणजे ट्रॅक्टरचा हॉर्न. तो वाजला की तिकडे तापीत मगरी बुडी मारत.

बेत सोपा होता. हॉर्न वाजला की शेटजींच्या धान्याच्या गोदामात जमायचं. भिंती हत्तीच्या पोटाएवढ्या जाड. समोरच्या घरातले आबा अंथरुणाला खिळलेले, त्यांना खाटेसकट न्यायचं. दिवसा पुरुष शेतात नाहीतर कंपनीत, म्हणून ते काम चौघी बायांवर सोपवलं.

सरावासाठी भर दुपारी मी हॉर्न दाबला आणि गल्लीतल्या सगळ्या बाया गच्चीवर पळाल्या. कुरडया वाळत घातलेल्या ना! बॉम्ब पडेल तेव्हा पडेल, वर्षाच्या कुरडया उघड्यावर कोण टाकतं? गोदामात आधी कुरडया पोचल्या, मग बाया. आबा घरातच राहिले. उशाशी त्यांची बायको, अक्का, बसून होती.

"तुम्हले कुरडया सापडन्यात, मन्हा म्हतारा नही सापडना?" अक्का एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अक्कानं आबांची खाट अंगणात काढली. डोकं निंबाच्या सावलीत, पायथा उन्हात. मग घरोघरी फिरली. "मन्हा अंगणमा ऊन चांगलं शे," म्हणत सगळ्यांच्या कुरडया मागून आणल्या आणि फडक्यावर, आबांच्या पायाशी मांडल्या.

"आते येतीन बठ्ठ्या," मला म्हणाली. आता सगळ्याच येणार, याची तिला खात्री होती.

मी हॉर्न दाबला. चौघींच्या जागी आठजणी धावल्या. खाट अशी अलगद गेली की आबांच्या पोटातलं पाणी हललं नाही. एक कुरडई मोडली नाही. आबांच्या हाताला लागल्या तेवढ्या मात्र गायब.

"मीठ कमी शे," आबा गोदामात म्हणाले.

बॉम्ब आलाच नाही. माझ्या हॉर्नला घाबरला, असं मी अजून सांगतो. आबा पुढच्या थंडीत गेले, आपल्याच घरात, आपल्याच खाटेवर.

यंदाही अक्कानं ती खाट निंबाखाली काढलीय. पायथ्याशी कुरडया, उशाकडची जागा मोकळी. शेतातून येताना मी कोपऱ्यावर हळूच हॉर्न वाजवतो. बाया दारात येतात आणि गच्चीकडे बघायच्या आधी खाटेकडे बघतात.