हंड्रेडच्या कोर्टाचा पुकारा

"तुझ्या तर रक्तातच आहे रे!" डॉक्टरकाका म्हणाले आणि पितळी घंटा माझ्या हातात दिली.

सगळे हसले. मीही हसलो. लाज वाटायच्या आधी हसू येतं, जुनी सवय.

दोन हजार चारचा गणपती. अमेरिकेतलं डेलावेअर राज्य. तिथल्या मराठी मंडळासाठी काकांनी विनोदी नाटुकलं लिहिलं होतं. जुन्या इंग्लंडात जिल्ह्याचे तुकडे पाडत, एकेका तुकड्याला हंड्रेड म्हणत. तिथलं लहानसं कोर्ट माळावर भरायचं. तंटे, दंड, बारा पंच. डेलावेअरच्या नकाशावर हंड्रेड अजून आहेत, म्हणून काकांना भारी कौतुक. "आपल्या चावडीसारखंच की!"

मला पंच व्हायचं होतं. कॉलेजात एकांकिका गाजवलेला माणूस मी! संवाद पाठ, पांढरी दाढीसुद्धा विकत आणलेली. काकांनी आधी आडनाव विचारलं. मग गाव. मग गावात घर कुठल्या बाजूला. तिसऱ्या उत्तरानंतर माझी दाढी दुसऱ्याच्या तोंडावर गेली. मला पुकाऱ्याचं काम. चौथऱ्याखाली उभं राहायचं, घंटा वाजवायची, पंचांना हाका मारायच्या.

आजोबांचं गावात हेच काम होतं. दारोदार फिरून लोकांना चावडीवर बोलवायचं आणि स्वतः पायरीखाली उभं राहायचं. काकांना ते बरोबर ठाऊक होतं.

प्रयोगाला शाळेचा हॉल गच्च. पडदा उघडला. न्यायाधीश काका खोट्या केसांच्या टोपात, चौथऱ्यावर. पंच विंगेत खोळंबलेले. नियम काकांनीच लिहिलेला: पुकारा झाल्याशिवाय कोर्ट भरत नाही.

मी गप्प.

"म्हण ना यार," विंगेतून कुजबुज. "हाजिर हो!"

लोकांना वाटलं, लाइन विसरलो. टाळ्या वाजवून धीर देऊ लागले.

"अरे, पुकार की!" काका दातओठ खात.

भीती नाही, राग नाही. काहीच वाटत नव्हतं. मी घंटा खाली ठेवली.

"काका, माझ्या आजोबांनी पुष्कळ पुकारलं. आता तुम्ही उतरा. तुम्हीच बोलवा."

माझ्या वाक्याला हशा नाही, असं पहिल्यांदाच झालं. पडदा पाडला. पार्किंगमध्ये कुणी बाय म्हटलं नाही. दिवाळीचं बोलावणंही आलं नाही. मित्र समजावायला आले, "सॉरी म्हणून टाक यार, नाटकच तर होतं."

नाही म्हणणार. जिथे मला पायरीखाली उभं करतील, ते कोर्ट माझ्या तोंडून उघडणार नाही. इंग्लंडचं असो, गावचं असो, नाहीतर डेलावेअरमधल्या आपल्या माणसांचं.

मी ते भरूच देणार नाही.