साडूंचं बीजपुराण

आमचे साडू ज्या घरी जेवायला गेले, त्या घरचा नॉनस्टिक तवा वाचला असं हुबळी-धारवाडात आजवर घडलेलं नाही. आल्या आल्या स्वयंपाकघरात शिरतात, तव्यावरून बोट फिरवतात आणि ओरखडा दिसला की 'हा गेला!' म्हणून तो परसात ठेवून पिशवीतून बिडाचा तवा काढून देतात. माझ्या बायकोनं दोनदा आमचा तवा लपवला, दोन्ही वेळा सापडला. गंमत म्हणजे हा गृहस्थ तारिहाळच्या कारखान्यात तव्यांना तोच लेप देऊन निवृत्त झालेला! करून करून भागले आणि देवपूजेला लागले, असं मी त्यांना चिडवायचो. ते म्हणायचे, "तव्याचं एक वेळ चालेल हो. आम्ही त्या लेपाची वाफ श्वासातून घेतलीय."

त्या लेपातली फ्लोरिनची रसायनं रक्तात वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतात आणि पुरुषाच्या शुक्राणूंची संख्या नि चाल बिघडवत असावीत, असं कुठंसं वाचल्यापासून त्यांना चैन नव्हतं. जुन्या कामगारांना जमवून त्यांनी कन्नडमध्ये भाषण ठोकलं. भरात शुक्राणूंना आपला मराठी 'बीज' शब्द वापरला. कन्नड बोलीत बीज म्हणजे वृषण! "तुमची बीजं पूर्वीसारखी पळत नाहीत, एकदा मोजून घ्या," म्हटल्यावर सभा खुर्चीवरून पडायचीच बाकी होती. साडू मात्र हसले नाहीत.

का, ते माझ्या लेकीच्या डोहाळजेवणात कळलं. साडूंची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आमच्या अक्का. त्यांना मूलबाळ नाही. नवस, उपास, सासूचे टोमणे, सगळं त्यांच्याच वाट्याला आलं. ओटी भरायची वेळ आली तशा अक्का सवयीनं मागं सरल्या. तेवढ्यात साडू भर बायकांत उभे राहिले.

"थांबा जरा. मूल होईना तेव्हा मी तपासणी करून घेतली होती. दोष माझ्यात निघाला. कारखान्यामुळं की मुळातच, देव जाणे. हिच्यात काही नव्हतं. मी रिपोर्ट लपवला."

मला त्यांचा असा राग आला म्हणता! माझी लेक उठून अक्कांपुढं पदर पसरून उभी राहिली. "मावशी, पहिली ओटी तू भर."

अक्कांनी शांतपणे ओटी भरली, नारळ ठेवला, लेकीच्या गालावरून हात फिरवला. मग साडूंकडं वळून हळूच म्हणाल्या, "अहो, सासूबाई असताना का नाही बोललात? शेवटपर्यंत मलाच बोलत गेल्या हो त्या."