मेल्या, जेवला का?

सुमनमावशीच्या नवऱ्याचा, म्हणजे काकांचा फोन आला तेव्हा मी नागपूरला मिहानमधल्या ऑफिसच्या कँटीनमध्ये ताट घेऊन उभा होतो. "पंकज, तुही मावशी गेली गा..." एवढंच बोलले. ताट तसंच ठेवलं आणि मनीषनगरला त्यांचं घर गाठलं. त्याला महिना होऊन गेला. कँटीनमध्ये अजून घास उतरत नाही.

सुमनमावशी माझी सख्खी मावशी नव्हे. इंटरनेटवर आम्हा वऱ्हाडी बोलणाऱ्यांचा एक मोठा गट होता, तो ती सांभाळायची आणि आम्ही तिघं तिच्या हाताखाली. बाई शाळेतून निवृत्त झालेली, पण भांडण मिटवण्यात जबरी! दोघं एकमेकांच्या आईबापावर उतरले की ही मध्ये पडायची, "काहून कचकच करून राहिले रे? पाणी प्या आधी." आणि खरंच थांबायचे की हो लोक! रोज दुपारी ती एकच ओळ टाकायची, "मेल्याहो, जेवले का?" पुण्यात एकटी राहणारी पोरं, दुबईतले ड्रायव्हर, सगळे त्याखाली आपापलं ताट सांगत. कोणी "नाही" लिहिलं की मावशी त्याला फोन लावायची. एक पोरगा तर जीव द्यायला निघाला होता. मावशीनं बोलताबोलता त्याला खिचडी टाकायला लावली. तो आज धडधाकट आहे.

मग ज्या साइटवर आमचा गट होता, तिचे मालक बदलले. नव्या मालकांच्या मजकूर तपासणाऱ्या यंत्राला 'मेल्या' म्हणजे मरणाची धमकी वाटली आणि ती ओळ रोज उडायला लागली. मावशीनं परोपरीनं लिहून समजावलं. शेवटी कंपनीचा एक माणूस व्हिडिओवर आला. गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, किसी को मरा हुआ कहना नफरत है."

"अरे मेल्या, माया करून राहिली मी!" मावशी उसळली.

दुसऱ्या दिवशी हुकूम आला, हा शब्द लिहिणाऱ्यांना तुम्हीच गटाबाहेर काढा. "माह्याच लेकरायले मी घराभायेर काढू?" म्हणाली, आणि काम सोडलं. पाठोपाठ आम्हीही सोडलं.

सोडलं खरं, पण ती आतून खचली. दुपारी फोन हातात घेऊन उगाच खालीवर करायची. "आता तिथं कोण कोणाले विचारत असन गा..." हृदय आधीच अशक्त होतं, असं डॉक्टर म्हणतात. म्हणोत बापडे. माझा त्या मालकांवरचा राग जाणार नाही.

ती गेल्यावर गटात कोणीतरी लिहिलं, "मेल्या म्हणणारी मावशी गेली." लगेच पुसलं गेलं. दुसऱ्यानं लिहिलं, तिसऱ्यानं लिहिलं... सगळं पुसलं.

परवा काकांकडे गेलो. मावशीचा फोन फ्रिजवर चार्जिंगला लावलेला.

"काहून लावता, काका?"

"तिले लागते ना दुपारी," म्हणाले, आणि स्वतःच ओशाळले.

मला पुढे बसवेना. उठलो, दाराशी चपला घालायला लागलो. काका तोवर स्वयंपाकघरात गेले होते. उभ्या जन्मात या माणसानं कोणाला साधं 'का बे' म्हटलेलं मी ऐकलं नाही. आत ताट ठेवल्याचा आवाज झाला, आणि मग हाक आली,

"मेल्या, जेवला का?"

"नाही," म्हणालो आणि चपला काढल्या.