तिथं पाणी चढत नाही

कशेळ्याच्या नाक्यावर मी कर्जतला जाणाऱ्या जीपची वाट बघत उभी होते. हातात पिशवी, पिशवीत वैनीसाठी घेतलेली करवंदं. कशेळं माझं माहेर. भावाकडे दोन दिवस राहून मन घट्ट करायचं, तिथून थेट कर्जतच्या दवाखान्यात जायचं आणि तिला एकदाचं सांगून टाकायचं, असं ठरवलं होतं. तेवढ्यात आमच्या ह्यांचा फोन आला. "सुमन, वैनी गेली गं... आत्ताच." जीपवाला ओरडत होता, "ओ मावशी, बसताय का नाय?" मी बसले. पिशवी मांडीवर घेऊन कर्जतपर्यंत गेले. आज सहा आठवडे झाले. भेटायला येणारा जो तो म्हणतो, सुटली बिचारी. असा राग येतो म्हणून सांगू! ती सुटली नाही. तिला सोडवणं फक्त माझ्या हातात होतं आणि मी तोंड उघडलं नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

सुलोचनावैनी म्हणजे माझी थोरली जाऊ. आमचं घर खालापूर तालुक्यात, पाताळगंगेच्या काठाला. वरच्या वीजघरातून रोज पाणी सुटतं, त्यामुळे आमची नदी भर उन्हाळ्यातही वाहती असते. गुडघाभर पाणी बघता बघता छातीला लागतं. पात्रात एक काळा धोंडा आहे. त्याचा पाया बुडायला लागला की धुणं हातात असेल तसं उचलायचं आणि वर यायचं, हा गावाचा नियम. मी लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या दिवशी वैनीने मला तिथे नेलं आणि म्हणाली, "सुमन, नवऱ्याला इसरलीस तरी चालंल, पन ह्या धोंड्याला इसरू नको." अशी बोलायची, हसवून हसवून पोट दुखवायची. सासूबाई आमच्यावर करवादल्या की मागच्या दारी जाऊन त्यांची हुबेहूब नक्कल करून दाखवायची. मला सख्खी बहीण नाही, पण तिची उणीव कधी भासलीही नाही.

वैनीला दोन मुलं, दिनेश आणि त्याच्या पाठची मनी. मनी अकरा वर्षांची होती. रोज नदीवर जाताना ती दारातून विचारायची, "पाणी सुटायला येळ हाय का गं?" आणि वैनी आतून सांगायची, हाय किंवा नाय. त्या दिवशी वैनी परसात पापड वाळत घालत होती. मी चुलीपाशी होते. मनीने विचारलं आणि मी मागे वळूनही न बघता म्हटलं, "हाय तासभर, जा." सणाची सुट्टी होती त्या दिवशी. सुट्टीच्या दिवशी पाणी लवकर सुटतं हे गावात शेंबड्या पोराला ठाऊक. मलाही ठाऊक होतं हो! पण वार कोणता, दिवस कोणता, तेच डोक्यातून गेलं होतं. मनीला नदीतून काढून आणलं तेव्हा वैनी ऊर बडवत एकच म्हणत राहिली, "मी म्हनलं गं तिला, येळ हाय म्हनून... मीच म्हनलं." रोज तीच सांगायची, म्हणून त्या दिवशीही आपणच सांगितलं असं तिच्या मनाने घेतलं. मी तिला मिठी मारून रडत होते आणि गप्प होते. सुतक फिटलं की सांगू, असं म्हटलं. मग वर्षश्राद्ध झालं की. बघता बघता बावीस वर्षं गेली. त्या बावीस वर्षांत वैनीने नदीत पाऊल टाकलं नाही, पण रोज पाणी सुटायच्या आधी ती काठावर जाऊन उभी राहायची आणि हाका मारायची, "वर या गं बायांनो, वर या रं पोरांनो!" नवीन सुना हसायच्या तिला. मी कोणत्या तोंडाने हसणार?

दिनेश शिकून हॉटेलात आचारी झाला आणि पार मोनॅकोला पोचला. गेल्या वर्षी त्याने आईबरोबर मलाही बोलावून घेतलं. काय तो थाट! बंदरात ही एवढाली पांढरी जहाजं, रस्त्यावर आरशासारख्या गाड्या. वैनीने दिनेशला विचारलं, "एवढ्या गाड्या धुतं कोन रं?" तो राहायचा मात्र गाडीने दोन स्टेशनं अलीकडे, एका लहानशा गावात. तिथला किनारा अगदी घरगुती. वाळू नाही, पांढरे गुळगुळीत गोटे. छत्र्या रोवून बसलेल्या आया, विणकाम करणाऱ्या म्हाताऱ्या, पाण्यात डुंबणारी पोरं, कुठे आरडाओरडा म्हणून नाही. दिनेशची चार वर्षांची रिया बादली घेऊन पाण्याकडे धावली, तशी वैनी साडी वर खोचून धावली आणि तिचा दंड धरून तिला ओढत वर घेऊन आली. पोरगी भोकाड पसरून रडायला लागली. "हितं पानी कधी सुटतं रं?" वैनीने विचारलं. दिनेश म्हणाला, "आई, हितं पाणी चढत नाय गं. आपल्या अलिबागसारखी भरती नाय हितं. वीतभर हललं तर हललं."

तिला पटेना. तिने एक लांबट पांढरा गोटा उचलला, पाण्याच्या कडेला उभा रोवला आणि रियाचा हात धरून त्याच्याशेजारी बसली. सकाळपासून दुपार टळेपर्यंत तिने त्या गोट्यावरची नजर हलवली नाही. डब्यातली चपाती-भाजीही तिथेच खाल्ली. पाणी गोट्याला लागलं, मागे गेलं, परत लागलं. वर काही चढलं नाही. चार वाजता तिने रियाचा हात सोडला. मग स्वतः उठली आणि गुडघ्यापर्यंत पाण्यात जाऊन उभी राहिली... इतक्या वर्षांनी! परत आली ती ओल्या पदराने तोंड पुसत माझ्याशेजारी टेकली आणि म्हणाली, "अशी नदी असती तर मनी र्‍हायली असती. सुमन, त्या दिशी मीच म्हनलं होतं ना गं, येळ हाय म्हनून?" तिने विचारलं. मला सरळ विचारलं तिने! आजूबाजूला आपली भाषा कळणारं कोणी नव्हतं, दिनेश पोरीला घेऊन पाण्यात होता. माझ्या जिभेला हाड नाही असं सगळं गाव म्हणतं, आणि नेमकी तिथे माझी वाचा बसली. मी म्हटलं, "असू द्या वैनी, आता कशाला ते?" आणि तिच्या हातात पाण्याची बाटली दिली.

मग तिच्या किडन्या गेल्या. कर्जतच्या दवाखान्यात मी रोज जायचे. रोज काहीतरी आड यायचं. कधी नर्स, कधी भाऊजी, कधी तिचा डोळा लागलेला. खोटं कशाला बोलू, आड मीच यायचे. मी कशेळ्याला निघाले त्या दिवशी तिने माझा हात धरला. "वर गेले की आधी मनीचे पाय धरीन. म्हनीन, बाय, चुकलं गं माझं." मी म्हटलं, "अभद्र बोलू नका, मी दोन दिसांत येते." आणि निघून आले. माझ्या चुकीची माफी मागायला गेली हो ती लेकराकडे! मी तिला तशीच जाऊ दिली. आता कुठे जाऊन सांगू? किती वेळा फोटोसमोर उभं राहून बोलले. फोटो काय ऐकतो?

तिच्या जागी आता मी काठावर जाते. परवा गेले तर सगळ्या बाया हाकेसरशी वर आल्या, पण सावंतांची नात पात्रात मध्येच उभी राहून ओढणी पिळत होती. सुट्टीचा दिवस होता. ती हसून ओरडली, "आजे, येळ हाय अजून!"

माझ्या पायाखालचा काठच सरकला. मी नेसत्या साडीनिशी पाण्यात उतरले, पोरीचं मनगट धरलं आणि तिला फरफटत वर आणलं. तोंडातून काय जातंय त्याची शुद्ध नव्हती. "येळ हाय असं मी म्हनलं होतं... मनीला... वैनी नाय, मी! मी म्हनलं होतं!"

काठावर धुणं पिळणाऱ्या बायांचे हात थांबले. खाली धोंड्याचा पाया बुडाला होता, वर सगळ्या जणी काठावर होत्या, आणि जिने ऐकायला हवं होतं ती तेवढी नव्हती.