गावाहून आलेले चाळ

लेक तेव्हा नववीत होती आणि शाळेच्या नृत्यपथकात नाचत होती. दहावीत नाच बंद, हा आमच्याकडचा अलिखित कायदा. त्यामुळे ठाण्याच्या नाट्यगृहातली आंतरशालेय स्पर्धा ही तिची शेवटची. पथकाने जाखडी बसवायला घेतली होती. घोडबंदर रोडहून येणाऱ्या त्यांच्या नाचाच्या सरांनी कोकणातला हा नाच मोबाइलवर बघितला होता आणि "यात फुल एनर्जी आहे" म्हणून पसंत केला होता.

जाखडीचं नाव काढल्यावर घरात माझ्या सासऱ्यांच्या अंगात आलं. त्यांना आम्ही आबा म्हणतो. डोंबिवलीच्या केमिकल कंपनीत त्यांनी उभी हयात काढली, पण गाव काही सुटलं नाही. तरुणपणी गणपतीत ते आणि त्यांचा धाकटा चुलतभाऊ शेजारीशेजारी नाचायचे. आबांनी त्याला फोन लावला आणि आठवड्याच्या आत त्या काकांचे चाळ खासगी बसच्या ड्रायव्हरबरोबर येऊन पोहोचले. चाळ म्हणजे जाड घुंगरांची माळ, जाखडीत ती एकाच पायात बांधतात. बाकीच्या मुलींनी दुकानातून नवी घुंगरं आणली होती, ती नुसती किणकिणायची. काकांचे चाळ पाय आपटला की खणकन बोलायचे. सरांनी ते ऐकलं आणि लेकीला मधे उभं केलं. तिच्या पायाच्या ठोक्यावर सगळ्यांनी फेर धरायचा असं ठरलं. काका फोनवर तिला म्हणाले, "व्हिडिओ धाड हां बाय. माझे चाळ कसे वाजतात ते बघू दे मला."

मग आमच्या हॉलमध्ये सोफा भिंतीला गेला आणि रोज संध्याकाळी धरणीकंप सुरू झाला. खालच्या मजल्यावरच्या काकू तक्रार घेऊन आल्या, तर आबांनी त्यांनाच खुर्ची देऊन बसवलं आणि नात कशी नाचते ते दाखवलं. बिचाऱ्या चहा पिऊन गेल्या. चाळ बांधायची गाठ फक्त आबांना जमायची. गुडघे दुखत असूनही ते खाली बसायचे, तिचा पाय मांडीवर घ्यायचे आणि बांधायचे. स्पर्धेला पहिल्या रांगेत मीच बसणार, असं त्यांनी मला निदान दहा वेळा बजावलं होतं.

स्पर्धा रविवारी होती. शुक्रवारी पहाटे काका गेले.

नवऱ्याला गावाहून फोन आला तेव्हा आबा दूध आणायला खाली गेले होते. त्याने स्वयंपाकघरात येऊन मला सांगितलं. आमच्या भावकीत दहा दिवस सुतक पाळतात आणि आबा त्यात तसूभरही सवलत देणारे नव्हते. देवपूजा नाही, दाढी नाही, सण नाही, मग तोंडाला रंग लावून नाचणं तर लांबच राहिलं. मागे त्यांच्या कुणी लांबच्या वहिनी गेल्या, तर आबांनी नातीचा वाढदिवस रद्द करून आणलेला केक शेजारी देऊन टाकला होता. पण त्यांचाच एक नियम आम्हाला आठवला. सुतक कानावर पडल्यापासून लागतं. कळलंच नाही तर लागणार कसं?

नवऱ्याने गावच्या पोरांना सांगितलं, "आबांना बरं नाहीये, रविवारपर्यंत फोन करू नका. मी सांगतो त्यांना." आबांचा मोबाइल चार्जिंगला लावलेला होता. त्यातून त्याने भावकीचा ग्रुपच काढून टाकला आणि स्वतःवर जाम खूश झाला. दहनाला आबांना पोहोचता आलंच नसतं, असं मी स्वतःला समजावत होते आणि आत लेक आंघोळ करताना ठोके मोजत होती.

त्या दिवसापासून आबा विचित्र वागायला लागले. ग्रुपवरचे सुप्रभात मोठ्याने वाचून दाखवणारा माणूस, पण ग्रुप कुठे गेला म्हणून एका शब्दाने विचारलं नाही. "कंबर धरलीय" म्हणत पूजा टाळली. मी निरांजन उचललं तर म्हणाले, "तू राहू दे. पोरीला लावू दे दिवा." दाढीचे खुंट वाढले. शनिवारी लेकीने चाळ बांधायला पाय पुढे केला, तर हात मागे बांधून लांबच उभे राहिले.

"तुझी तू बांध. उद्या स्टेजमागे मी येणार आहे का?"

"अहो आबा, मला नाही जमत ती गाठ!"

"जमेल. खालून घे. खालून गं, म्हैस बांधत्येस का?"

वर रविवारी सकाळी जाहीर करून टाकलं, की घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये कोण मरायला येणार, तुम्हीच जा. मला राग आला. म्हटलं, पोरीने महिनाभर यांच्याच नाचासाठी पाय आपटले आणि यांना गाडीत बसायचा कंटाळा.

नाच चांगला झाला. गाठ सुटली नाही. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, सरांच्या मते परीक्षकांना काही कळत नव्हतं. दुपारी घरी आलो तर आबा दार उघडून उभेच होते.

"झाला?"

"झाला! आबा, कसले वाजले चाळ!"

"शाब्बास. जा, तोंड धू आधी."

ती आत गेली. आबा खुर्चीत बसले आणि मुलाला म्हणाले, "हं. आता सांग."

"काय सांगू?"

"शुक्रवारी पहाटे मेसेज वाचला मी. तू ग्रुप काढलास त्याच्या आधीच. पण मला कुणी सांगितलेलं नाही अजून. आता सांग."

नवऱ्याने मान खाली घालून सांगितलं, "आबा, काका गेले." आबांनी ते पहिल्यांदाच ऐकावं तसं ऐकलं आणि तोंडाला पंचा लावून रडायला लागले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात दिव्याचा उलगडा झाला. घरात जिच्या कानावर काही पडलेलं नव्हतं, अशी एकटी लेकच होती.

ती मोबाइल नाचवत बाहेर आली. काजळ अर्धंच निघालं होतं.

"आबा, व्हिडिओ मस्त आलाय. गावच्या आजोबांना पाठवू?"

आबांनी डोळे पुसले आणि हात पुढे केला. "आण. आधी मला बघू दे."

तिने व्हिडिओ लावून दिला. चाळ वाजायला लागले तसा आबांनी मोबाइल कानाशी धरला. व्हिडिओ संपेपर्यंत त्यांनी तिला काही सांगितलं नाही.