खुर्ची पुढे ओढली की

आमचे भाऊजी, म्हणजे ताईचा नवरा, कॅन्सरचे डॉक्टर. वाईट बातमी सांगायची त्यांची ठरलेली रीत होती. खुर्ची पुढे ओढायची, चष्मा काढून टेबलावर ठेवायचा आणि हलक्या आवाजात विचारायचं, "तुमच्याबरोबर कोण आलंय?" हा प्रश्न कानावर पडला की सिस्टर पाण्याचा ग्लास भरायला घेत.

पूर्वी एखादा पेशंट गेला की त्यांना घास उतरत नसे. हल्ली मात्र ते मुकाट्याने पोटभर जेवायला लागले होते. ताईला वाटलं, सावरले. मला ते जेवण बघवत नसे. सुट्टी घ्या म्हटलं तर म्हणायचे, "आजाराला सांग ना, जरा दमानं घे म्हणून."

परवा जेवताना ताई सहज म्हणाली, "अहो, गळ्याशी गाठीसारखं काहीतरी लागतंय. बघा बरं."

ते उठले, हात धुऊन आले आणि तिचा गळा बोटांनी चाचपत राहिले. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली. चष्मा काढून ताटाशेजारी ठेवला.

"तुमच्याबरोबर कोण आलंय?"

थट्टा समजून ताई हसली. भाऊजी उत्तराची वाट बघत होते.