तिसऱ्या गंजीचं शून्य

धुळ्याजवळच्या एका जिनिंग कारखान्यात कापसाला आग लागली, त्याला आता तीन वर्षं झाली. राखणदाराने आळस केला म्हणून ती लागली, असं सगळे धरून चालतात. ते खोटं आहे. खोटं आहे हे इतके दिवस एकट्या मला माहीत होतं.

मी जळगावला तंत्रनिकेतनात शिकवत असे. निवृत्तीनंतर वेब प्रोग्रॅमिंग शिकलो आणि त्या जिनिंगच्या ओळखीच्या शेठना कापसाचं तापमान दाखवणारं एक वेब पेज करून दिलं. त्यांच्या आवारात कापसाच्या बारा गंज्या होत्या. ओलसर कापूस दबला की आतल्या आत तापतो. बाहेरून गंजी पांढरीशुभ्र दिसते आणि पोटात विस्तव धरत असतो. राखणदार दर दोन तासांनी बाराही गंज्यांत कोपरापर्यंत हात घालून बघायचा. मी प्रत्येक गंजीत तापमानाचा सेन्सर बसवला, तेव्हा शेठ त्याला म्हणाले, "आता सगळ्या चाचपत हिंडू नको. स्क्रीन सांगेल तिथेच हात घाल."

"मंग मना हातले पेन्शन लागू करा, शेठ," तो म्हणाला. सगळे हसले. मीही.

बारा सेन्सरचे बारा आकडे मी टाइप्ड अ‍ॅरेमध्ये ठेवले होते. टाइप्ड अ‍ॅरे म्हणजे एकाच जातीच्या आकड्यांसाठी आखलेले कप्पे. त्यातला कप्पा रिकामा ठेवता येत नाही. उंदराने तिसऱ्या गंजीची वायर कुरतडली, तेव्हा तिच्या कप्प्यात शून्य येऊ लागलं. "सर, ऐन उन्हात शून्य अंश? व्यापारी हसतात," शेठ म्हणाले. मी एक ओळ लिहिली: शून्याहून मोठे तेवढेच आकडे फिल्टर करून घे. शून्य गेलं. पेज स्वच्छ दिसू लागलं.

फिल्टर गाळलेल्या आकड्याची जागा राखून ठेवत नाही. तो नवा, आखूड अ‍ॅरे देतो. रांगेतून एक माणूस निघून गेला की मागचे पुढे सरकतात, तसं. आणि गंजीचा नंबर मी आकड्याच्या जागेवरूनच काढत होतो. त्या दिवसापासून चौथी गंजी पेजवर तिसरी झाली, पाचवी चौथी झाली; यादी अकरावरच संपते, हे कुणी मोजलं नाही. नंबर आधी जोडून मग गाळायला हवं होतं. हे मी वर्गात मुलांना शिकवलं असतं.

आठवड्याभराने दुपारी मी जिनिंगच्या ऑफिसात बसलो होतो. भोंगा वाजला. स्क्रीनवर सात नंबरची गंजी, बासष्ट अंश. राखणदार गेला आणि कोपराला चिकटलेला कापूस झटकत परत आला.

"नाना, सात नंबर थंड शे."

"मशीन बासष्ट म्हणतंय, आप्पा."

"मना हात थंड म्हणस." तो उंबऱ्यातच थांबला. "बाकीन्या बठ्ठ्या चाचपी येऊ का?"

"कशाला? बाकीच्या ठीक आहेत, इथे दिसतंय. उन्हाने सेन्सर बिघडला असेल. बसा."

तो बसला. मी त्याला बसवलं.

पाऊण तासाने आठव्या गंजीतून धूर निघाला. सात आणि आठ लागून होत्या. दोन्ही गेल्या, शेडही गेली. राखेवरून आधी कोणती पेटली ते सांगता येईना. राखणदार "आठमधून, आठमधून" म्हणत राहिला. शेठनी मला नोंद मागितली. मी छापून दिली: सात नंबर, वेळ, तापमान. "मशीनने पाऊण तास आधी सांगितलं," शेठ सगळ्यांसमोर म्हणाले, "आणि हात घातला, असं हा खोटंच बोलला." त्याने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. घरी जाऊन कोड उघडला आणि दहा मिनिटांत चूक सापडली: ते बासष्ट अंश आठव्या गंजीचे होते. ती दुरुस्त केली, पण कुणाला बोललो नाही.

त्याला पुन्हा कुठल्याच जिनिंगने ठेवलं नाही. पारोळ्याकडच्या त्याच्या गावी मी दोन महिन्यांपूर्वी गेलो. सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"तुम्ही मोठा मनना माणूस, नाना. मना दोष सोतावर ली राहिनात," तो म्हणाला. "मशीन खोटं बोलस का? मना हातच मरेल शे."

मग तो चुलीशी गेला आणि तापलेल्या तव्यावर तळहात टेकवला. मी धावत जाऊन ओढला. तळव्यावर जुने, काळे डाग होते.

"रोज सकाळी करतात," त्याची सून म्हणाली. "भाजतंय का ते बघतात. भाजलं तरी म्हणतात, आज भाजलं, त्या दिवशी हात मेलेलाच असेल."

आम्ही बोललो ते तो विसरेल, लिहून द्या, असं ती म्हणाली. मी दिलं. आता शेठना आणि बाकीच्या जिनिंगवाल्यांनाही कळावं म्हणून इथे लिहितो आहे. मी दिलेला कागद ती त्याला रोज वाचून दाखवते. परवा फोनवर म्हणाली, शेवटपर्यंत ऐकतात, आणि उठून चुलीकडे जातात.